हलूनकाताई

एमआरआय विभागात तिला सगळे हलूनकाताई म्हणत. एकोणीस वर्षं काचेमागे बसून माइकवरून दिवसभर एकच जप: "हलू नका हं." घरी ती कुकरलाही हेच सांगते, अशी थट्टा चाले.

नवा प्रोग्राम आला तेव्हा तिला वाटलं, सुटलो एकदाचे. मेंदूतल्या तंतूंचा नकाशा काढायला पूर्वी अर्धा तास लागे. आता यंत्र मोजक्याच प्रतिमा घेई आणि हजारो मेंदू पाहून शिकलेला प्रोग्राम उरलेलं भरून काढी. सहा मिनिटांत काम फत्ते. पण कसलं काय! पूर्वी दिवसाला बारा पेशंट, आता तीस. वेळ वाचला तो यंत्राचा, हिची कंबर मात्र पार मोडली.

त्या दिवशीच्या तिसांत तिचे वडीलही होते. डोक्यात गाठ, तीही बोलण्याच्या तंतूंना खेटून. नकाशा नीट मिळाल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते. भलताच तंतू कापला गेला तर म्हाताऱ्याची वाचा जायची. पाठदुखीमुळे त्यांना अर्धा तास निपचित पडवत नसे, आणि हृदय अधू म्हणून भूल देता येत नव्हती. जुन्या पद्धतीचे दोन प्रयत्न वाया गेले होते.

"बाबा, सहाच मिनिटं. हलू नका हं," ती माइकवर म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. लेकीने काही सांगितलं की मान डोलवायची, ही त्यांची जन्माची सवय. धीर द्यायला तिने पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा डोलावली. चित्र पार बिघडलं. प्रोग्राम कितीही शहाणा असला तरी डोलणाऱ्या डोक्यापुढे त्याने हात टेकले. चूक आपलीच, हे कळून तिला रडू आलं.

दुसऱ्या वेळी तिने माइक बंद केला आणि तोंडावर हात दाबून उभी राहिली. बाहेर रांग कुरकुरत होती. सहा मिनिटं सरता सरेनात.

चित्र स्वच्छ आलं. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी तंतू निरखून पाहिले. "छान आलंय. पाठवते सर्जनकडे."

तिने बाबांना हात देऊन बसवलं. ते घामाने भिजले होते.

"पाठ फार दुखली का?"

"दुखली की. पण तुझा आवाजच येईना. वाटलं, पोरीला डुलकी लागली असेल."

"यंत्राच्या एवढ्या खडखडाटात?"

"दमलेल्याला लागते गं. म्हटलं, आपण हललो तर जागी होशील."