सुमतीअक्कांवर उगवायचा सूड

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळुरात के. आर. पुरमच्या पुलावर रिक्षात अडकलो होतो. दीड महिना झाला त्याला. अशा वेळी माणसाला काही थोर सुचावं. मला एवढंच सुचलं, की म्हातारी निसटली. बारा वर्षं मी तिच्यावर सूड उगवायच्या तयारीत होतो.

सुमतीअक्का जे. पी. नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. यजमान सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, चाळीस वर्षं मुक्काम इथेच, त्यामुळे मराठीत कानडी पेरलेलं. इमारतीतल्या आजारी पोरांवर त्यांचं राज्य चाले. आम्ही नागपूरहून नवे आलेलो, मुलगी मिताली तीन वर्षांची. तिला सर्दीताप आला आणि मी तिला एका दिवसात तीनदा दवाखान्यात नेलं. तिसऱ्यांदा परतताना अक्कांनी जिन्यात अडवलं.

“कसं आहे पोर?”

“एकशे एक पॉइंट दोन. मघाशी एकशे एक होता.”

“आकडा कोणी विचारला? पाणी पिते? शू करते? हाक मारली की बघते?”

“हो, पण...”

“मग स्वल्प थांब की.”

झोपलेल्या मितालीच्या पोटावर त्यांनी वर्तमानपत्राची होडी ठेवली आणि ती किती वेळा वर येते ते मला घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर मोजायला लावलं. अठ्ठावीस. “एवढ्या पोराचं चाळीसच्या आत असलं की सरी, ठीक. चाळीस गाठलं, छाती आत ओढली जायला लागली, पिणं सुटलं, तर मला विचारत बसायचं नाही. सरळ दवाखाना.” मिताली दोन दिवसांत बरी झाली.

इथवर उपकारच. पण गणपतीत, मंडळासमोर, माइक हातात घेऊन बाईंनी माझी नक्कल केली. काखेत थर्मामीटर, कडेवर पोर, पायांत दोन वेगळ्या चपला. चपलांचं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. कोरमंगल्यापर्यंतची मराठी मंडळी मला थर्मामीटरराव म्हणू लागली. मी मनाशी ठरवलं, ही बाई कधीतरी चुकेल आणि तेव्हा मी तिथे असेन.

चार वर्षांनी देव पावला. अक्कांचा अडीच वर्षांचा नातू पुण्याहून आला तो खोकतच. दुपारी मी पातेलं परत द्यायला वर गेलो. “प्रवासाची सर्दी,” अक्का म्हणाल्या. त्यांनी मोजलं नव्हतं. स्वतःच्या नातवाचं मोजायला त्यांचा हात धजत नव्हता, हे मला फार उशिरा उमगलं. तेव्हा मला फक्त संधी दिसली. होडी केली, ठेवली, मोजलं. बावन्न. बरगड्यांखाली खळगा पडत होता. खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला आनंद झाला... दुसऱ्या क्षणी मी पोर उचललं आणि रिक्षा बोलावली.

न्यूमोनिया निघाला. चार दिवस ऑक्सिजन. पाचव्या दिवशी नातू बिस्कीट मागू लागला, तसं मी चार वर्षं घासून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं. अक्का बाहेर बाकावर बसल्या होत्या.

“अक्का...”

“थांब. मंडळात सगळ्यांना फोन केलेत मी. सांगितलं, मी चुकले, यानं वाचवलं.” मग माझा पडलेला चेहरा बघून त्या मनापासून हसल्या. “आता तू काय सांगणार रे, पापा, बिचाऱ्या?”

सूड माझा, आणि तोही त्यांनीच उरकला. पुढे आठ वर्षं मी दुसरी संधी शोधली. बाई काही चुकल्या नाहीत.

अक्कांच्या मुलानं घर सामानासकट भाड्यानं दिलंय. परवा सकाळी नवी भाडेकरू, पुण्याची तरुण मुलगी, दारात आली. “काका, बाळाला ताप आहे. तुम्हाला कळतं म्हणे.” वर गेलो आणि मुद्दाम अक्कांच्या वेताच्या खुर्चीत ऐसपैस बसलो. त्यात त्या कोणाला बसू देत नसत; कोणी बसलं की स्वयंपाकघरातून ओरडत बाहेर येत. सगळं विचारलं, मोजलं. बाळ हसतखेळत पाणी पीत होतं. काळजीचं काही नव्हतं.

“तरी मनात धास्ती असेल तर डॉक्टरकडे जाऊन या,” मी गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणालो. “कितीदाही जा. हसतात ती माणसं मूर्ख असतात.”

आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिलो.

ती मुलगीही तिकडे बघू लागली. मग हळूच म्हणाली, “काका, अजून कोणी यायचंय का?”