उतरवलेले चेहरे

विजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या मंडईत पडवळ निवडत उभी होते. तिची धाकटी बहीण सुरेखा एवढंच म्हणाली, "नीलूताई, विजूताई गेली गं... सकाळी पार्लरचं शटर वर करताना कोसळली." मी "हो, हो" म्हटलं, पडवळ पिशवीत टाकलं आणि चक्क कोथिंबीरही घेतली. दीड महिना झाला, अजून मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही तीनदा उठून गॅस बंद आहे ना ते बघून आले. कारण साधं आहे. ती गेली तेव्हा आठ महिने मी तिच्याशी बोलत नव्हते, आणि चूक माझी होती.

आम्ही दोघी नाहूरच्या एकाच चाळीत वाढलो. तिचे वडील मालवणकडचे, गिरणीत कामाला; माझे सरकारी कचेरीत. शाळेच्या गॅदरिंगला विजूला परी व्हायचं होतं. बाईंनी तिच्या काळ्यासावळ्या चेहऱ्यावर अर्धा डबा पावडर थापली. दिव्यांखाली घाम फुटला, पावडरीत ओघळ पडले आणि सगळा हॉल हसला. विजू सगळ्यांहून मोठ्याने हसली. घरी जाताना मात्र गंभीरपणे, घरच्या मालवणीत म्हणाली, "परीक घाम येणा नाय काय गो?" पुढे मी बँकेत लागले आणि तिने स्टेशनजवळ दोन खुर्च्यांचं पार्लर काढलं. नवरी सजवायला अख्ख्या मुलुंड-भांडुपमधून तिला बोलावणं यायचं. हात झकास होता, पण जिभेला हाड नव्हतं. "नवरीला विचारलं, कसं दिसायचंय, तर सगळ्या म्हणतात, 'जरा उजळ'. उजळ म्हणजे कोणासारखी, ते एकीला सांगता येत नाही यार!" असं ती नवरीसमोरच म्हणायची.

याच चिडचिडीतून तिचं ते वेड सुरू झालं. लग्न लागलं, जेवणं झाली, की नवरीचा मेकअप उतरवायचा. विजू आधी चेहऱ्यावरून खोबरेल तेलाचा हात फिरवायची आणि रंग सुटा झाला की पांढऱ्या मलमलीचा चौकोन त्यावर दाबून अलगद उचलायची. कापडावर अख्खा चेहरा उतरायचा... फाउंडेशनचे गाल, काजळाचे डोळे, लिपस्टिकचे ओठ, कपाळावरचं ओलं कुंकू. अशी कापडं ती वर्षानुवर्षं जमवत होती. "कशाला गं ही घाण ठेवतेस?" मी विचारायची. ती म्हणायची, "हे माझं काम आहे. ते खुर्चीवरचं पोटापाण्याचं."

माझ्या मृण्मयीचं लग्न ठरलं तेव्हा अर्थातच विजूला सांगितलं. मृण्मयी रंगाने माझ्यावर गेली आहे, म्हणजे सावळी. ट्रायलच्या दिवशी विजूने तिच्या रंगाची शेड काढली आणि मी ती बाजूला सारली. "दोन शेड उजळ लाव." मृण्मयी म्हणाली, "आई, मला माझ्यासारखं दिसू दे ना." मी म्हटलं, "गप्प बस, फोटो जन्मभर राहतात." विजूने माझ्याकडे बघितलं, आणि कधी नव्हे ते वाद न घालता म्हणाली, "तू सांगशील तसं." लग्नाच्या दिवशी मीही तिच्याकडून तीच शेड लावून घेतली. फोटो छान आले. मृण्मयीने ते अजून घरात लावलेले नाहीत, पण हे मी कोणाला सांगणार?

पुढच्याच महिन्यात विजूने ती कापडं एका ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये मांडली. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी, आणि दोरीला चिमट्यांनी अडकवलेले चाळीसेक चेहरे. मी पार गोंधळून गेले. सगळे एकाच पिठूळ रंगाचे, सगळ्यांच्या भुवया सारख्या, ओठ सारखे. विजू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ओळख बघू तुझी मुलगी." आईला काय कठीण? मी दोनदा दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. शेवटी एका कापडावर थांबले. खालचा ओठ जरा जाड, आणि का कोण जाणे, आतून ओळख पटली. "ही!" मी सगळ्यांसमोर बोट दाखवलं. विजूने कापडाकडे बघितलं, मग मान हलवून म्हणाली, "नाही गं..." आणि तिला हसू आलं. आजूबाजूच्या बायकाही हसल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "माझ्या लेकीचा तमाशा मांडलास! स्वतःला कोणी परी म्हटलं नाही त्याचा राग दुसऱ्यांच्या मुलींवर काढतेस!" हे मी बोलले. शाळेपासूनच्या मैत्रिणीला, तिच्या आयुष्यातल्या पहिल्या प्रदर्शनात. तिचं हसू तिथेच थांबलं. मी निघाले. जिन्यावर असताना तिने मागून दोनदा हाक मारली, "नीलू, अगं ऐकून तरी घे!" नंतर तिचे चार फोन आले, ते मी घेतले नाहीत. रोज वाटायचं, आता आपण करावा. रोज वाटायचं, उद्या.

गेल्या आठवड्यात सुरेखा पार्लर आवरत होती, तिने मदतीला बोलावलं. कपाटात ती कापडं नीट घडी करून ठेवलेली होती, प्रत्येकाच्या मागे काजळाच्या पेन्सिलीने नाव. मृण्मयीचं सापडलं. प्रदर्शनात त्याच्यासमोरून मी दोनदा गेले असणार. मग मी बोट दाखवलं होतं ते कापड हाताला लागलं. जाड ओठावरून लगेच ओळखलं. उलटं केलं.

मागे लिहिलं होतं, 'नीलू'.

मृण्मयीच्या पाठवणीनंतर मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर रडत बसले होते. विजू पांढरं कापड घेऊन आली होती, म्हणाली होती, "तोंड वर कर." मला वाटलं होतं, डोळे पुसतेय.