चुंबक काढला तरी

"मॅडम, हे सुटतच नाहीये!" स्नेहलने बाटली माझ्या डोळ्यांसमोर जोरात हलवली. बाहेरून लावलेला चुंबक तिने केव्हाच काढला होता, तरी तळाशी काळी गुठळी ढिम्म बसलेली.

पनवेलजवळच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये मी सीनियर केमिस्ट. स्नेहल विचुंब्याहून स्कूटीवर येणारी, कामाला पक्की, आणि चिडली की नाकाचा शेंडा लाल होणारी. हे तिचं पहिलं स्वतंत्र काम.

खारघरच्या एका क्लायंटला तपासणीच्या किटसाठी लोखंड-निकेल मिश्रधातूचे नॅनोपार्टिकल्स हवे होते. म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक कण. इतक्या बारीक कणांची एक गंमत असते. चुंबक जवळ आणला की धावत येतात, काढला की चुंबकत्व विसरून पुन्हा पाण्यात पसरतात. हे विसरणंच महत्त्वाचं, नाहीतर किट चालत नाही.

करायची रीत साधी. दोन्ही धातूंचे क्षार पाण्यात विरघळवायचे आणि ढवळत ढवळत एक रसायन सोडायचं. पाणी काळं होतं, तेच आपले कण. पण स्नेहलचे कण काही केल्या विसरेनात.

"मोठे झाले असतील," मी म्हटलं. म्हणून फोटो काढून आणले, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे. कण हवे तेवढेच बारीक होते, पण मण्यांच्या माळेसारखे एकामागे एक लागलेले.

तेवढ्यात क्लायंटकडच्या कुलकर्णींचा फोन आला. "मॅडम, पोरगी नवीन आहे. हे तुम्हीच करा ना."

मी "बघते" म्हटलं. आमचे मालक म्हात्रे सर इथल्याच गावचे. ते म्हणाले, "तिच्याकडनं काम काडून घेऊ नका. पन सोमवारी सॅम्पल नाय गेला तर माझ्याबी हातात काय नाय."

मला पोरीची फार काळजी वाटली. ती मात्र डबा न उघडता फोटो बघत बसली होती. नाक लालच.

"मॅडम, ह्यांना रांगेत कोणी उभं केलं?"

"म्हणजे?"

"रांग लागायला चुंबक लागतो. मी तो लावते शेवटी, कण धुताना. तोवर कण तयार झालेले असतात."

मग ती स्टररकडे बघू लागली. आमच्याकडे ढवळायला मॅग्नेटिक स्टरर असतो. खाली फिरता चुंबक, बीकरमध्ये एक पांढरी कांडी, आणि तिच्याही पोटात चुंबकच. चुंबकीय कण आम्ही चुंबकाने ढवळत होतो! बिचारे जन्मतःच रांगेत लागून एकमेकांना चिकटत होते, आणि चिकटलेली रांग मोठ्या कणासारखीच चुंबकत्व विसरत नाही. मला हसू आवरेना. तिला मुळीच आलं नाही.

शेजारच्या रंगाच्या कंपनीतून वर मोटर असलेला, काचेच्या पात्याचा स्टरर मागून आणला. नवी बॅच केली. चुंबक लावला, कण गोळा झाले. चुंबक काढून बाटली हलवली, तर सगळं पाणी एकसारखं काळं.

सोमवारी कुलकर्णींनी चुंबक लावणं-काढणं स्वतः दोनदा करून पाहिलं. आता त्यांचे फोन थेट स्नेहललाच येतात. मला फक्त दिवाळीच्या शुभेच्छा येतात.

माझ्यापुरता धडा एवढाच: प्रयोग बिघडला की रसायनांच्या आधी रोजच्या सवयीच्या यंत्रावर संशय घ्यावा. आणि स्नेहल चिडून विचार करत असेल, तर तिला चहासुद्धा विचारू नये.