जांभळाच्या डब्यावर माझा फोटो

मी बेळगावात कॉलेजमध्ये जीवरसायनशास्त्र शिकवते. गेल्या उन्हाळ्यात सदलग्याच्या महिला मंडळात जांभळावर बोलले. शरीरात अन्न जळताना काही उपद्रवी रेणू तयार होतात आणि पेशींना इजा करतात; जांभळातली पॉलिफेनॉल्स आपला इलेक्ट्रॉन देऊन त्यांना शांत करतात, असं सांगितलं. ते खरंच आहे. पण हे परीक्षानळीत दिसतं, पोटातून रक्तात त्यातलं फार थोडं पोचतं, हे मात्र वेळ संपला म्हणून मी गाळलं.

दिवाळीत बोरगावला थोरल्या बहिणीकडे गेले. तिच्या पायाची जखम चिघळली होती. मधुमेहाच्या गोळ्या तिनं केव्हाच बंद केल्या होत्या. फडताळात जांभूळ पावडरचे डबे होते आणि त्यांच्यावर मंडळातल्या भाषणाचा माझा फोटो.

"आक्का, हे काय?"

"बाजारात मिळतंय. तूच सांगितलंस न्हवं गं, पेशी वाचत्यात म्हणून?"

मी तडक बाजार गाठला. विक्रेता हसला. "म्याडम, तुमचंच बोलणं छापलंय की. एक शब्द तरी खोटा हाय काय?"

खोटा नव्हता, म्हणूनच डोकं फिरलं. मी डब्यांची उतरंड ढकलून दिली आणि गाळलेलं सगळं भर बाजारात ओरडून सांगितलं. एका बाईनं डबा परत केला. दोघींनी माझ्यादेखत नवा घेतला.

आक्काच्या पायाची करंगळी कापावी लागली. ती मला दोष देत नाही, आणि त्याचाही मला संताप येतो.