तुळईखालची पट्टी

पहाटे भूकंप झाला. लातुरात माझ्या नणंदेच्या घराची भिंत गल्लीत पडली. खांब उभे राहिले. घरातली माणसं बाहेर आली.

माझं लग्न त्याच वर्षी झालं होतं. मी नांदेडची, शाळेत शिकवणारी. हे लातुरात इंजिनियर, डिप्लोमा करून नुकतेच कामाला लागलेले. नणंदेला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. पडलेल्या भिंतीपाशी उभं राहून ह्यांनी मला समजावून सांगितलं, की दगडमातीची भिंत वजन झेलते, पण हलली की सुटते. सागाचे खांब आणि वरच्या तुळया खाचांनी एकमेकांत बसलेल्या असतात, म्हणून सगळा सांगाडा एकत्र डोलतो, पडत नाही. मी तोवर पुस्तकांतच रमणारी. घरसुद्धा असं वाचता येतं, हे मला तेव्हा कळलं.

भूकंपानंतर सगळ्यांचा भरवसा एकट्या सिमेंटवर होता. आमच्याकडचा लाकडी खांब पुरलेला नसतो, तो तळखड्यावर, म्हणजे पायाच्या दगडावर, नुसता उभा असतो. पुन्हा हादरा आला तर खांब घसरू नयेत म्हणून ह्यांनी अक्कांच्या घरात प्रत्येक खांबाच्या पायाशी वीतभर सिमेंट ओतलं. गल्लीतली माणसं बघून गेली आणि त्यांनी आपापल्या घरी तसंच केलं.

पुढे लातुरात क्लासेस वाढले. अहमदपूर, कंधारकडच्या मुली यायच्या, एका खोलीत चौघी-पाचजणी राहायच्या आणि पुस्तक घेऊन जिन्यात बसायच्या. अक्कांची शाळा सातवीत सुटली होती. त्यांनी मनात घेतलं, की आपल्या घरावर मुलींसाठी अभ्यासिका करायची. अक्कांच्या मुलांचं म्हणणं, घर पाडा, बिल्डर तयार आहे. शेवटी ठरलं, की त्यांचा इंजिनियर मामा, म्हणजे हे, सांगतील तसं. जुन्या खांबांनी वरचा मजला झेलला तर अभ्यासिका, नाहीतर पाडायचं.

"स्लॅबच टाक की रे," अक्का म्हणाल्या.

"डोक्यावर एवढं ओझं घेऊन हे खांब भूकंपात कसे डोलतील? छतावरची माळवदाची माती उतरवू. लाकडी फळ्या टाकू आणि वर पत्रे."

न्हाणीघरं विटांची करायची ठरली, पण ती लाकडी घराला न जोडता दोन बोटं फट ठेवून. वीट ताठ, लाकूड लवचिक. नाहीतर हादऱ्यात दोघांची टक्कर व्हायची.

"फट कशाला? साप शिरायला?"

"वरून पत्र्याची पट्टी मारतो."

"मग ठीक हाय. नवराबायकोत पण एवढी फट असावी," अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या.

काम करायला औश्याहून म्हातारे सुतारमामा आले. त्यांनी मधल्या खांबाच्या पायाचं सिमेंट छिन्नीनं फोडलं. आतलं लाकूड बोटानं निघत होतं. सिमेंटमध्ये ओल अडकून खांब तळाशी कुजला होता.

"साहेब, हे कोण्या येड्यानं केलं?"

"मी," हे म्हणाले.

सुतारमामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "मग तुम्हाला येडं म्हनत न्हाई. पर लाकडाला वारा लागतो. तुम्ही त्याला वल्ला मोजा घालून उभा केला."

अक्का एवढ्या हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं. मग हेही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हे गल्लीतल्या घराघरात गेले आणि "माझं चुकलं, खांबांचे पाय उघडे करा" असं सांगून आले. मला ह्यांचा सगळ्यात जास्त अभिमान त्या सकाळी वाटला.

ट्रकचे जॅक लावून तुळई उचलली. एकेका खांबाचा कुजका भाग कापून नवा साग सांधला, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टांनी आवळल्या. खांब घसरू नये म्हणून तळखड्यातून वर खांबात एक लोखंडी खुंटी दिली. पाय उघडेच ठेवले.

मजला तयार झाल्यावर ह्यांनी वर वाळूची पोती रचली. तुळईखाली दोरा ताणला आणि माझी शाळेची पट्टी धरून अंतर मोजलं. तीन दिवस पोती ठेवली. तुळई थोडी वाकली आणि पोती काढल्यावर जागेवर आली.

"पोत्यांना पाय असतात का? पोरी धावतील, उड्या मारतील," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी गल्लीतल्या बायकांना फुगडी खेळायला बोलावलं.

तुळई फार वाकलीच तर धरायला ह्यांनी तिच्यापासून बोटभर खाली टेकू उभे केले आणि बजावलं, "खाली कोणी थांबायचं नाही."

"मग तू कोण? कोणी न्हाईस का?" अक्का जिन्यातून ओरडल्या.

हे पट्टी घेऊन खालीच थांबले. वर आठ जोड्या फिरू लागल्या. फळ्या घुमत होत्या, बांगड्या वाजत होत्या, अक्का मोठमोठ्यानं उखाणे घेत होत्या. मी दारात उभी राहून फक्त ह्यांचा चेहरा बघत होते. बायका थांबल्या. ह्यांनी मान वर करून पट्टी वाचली, पुन्हा वाचली; तुळई जागेवर आली होती. मग पट्टी खिशात घालून वर गेले आणि साठीच्या अक्कांचे हात धरून फुगडी घालू लागले. मुलांनी पाडायचं नाव पुन्हा काढलं नाही.

हे जाऊन वर्ष झालं. अभ्यासिका चालू आहे. वर सव्वीस मुली बसतात. दुपारी मीही तिथे एका खुर्चीवर बसून वाचते.