पडद्यावरचे चव्वेचाळीस अंश

गेल्या मे महिन्यात मी बाबांना त्यांच्या सगळ्यात जुन्या मित्राच्या भेटीला घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत आणलं. गाडीच्या पडद्यावर बाहेरचं तापमान चव्वेचाळीस अंश दिसत होतं, एवढंच कारण.

बाबा गिरीजला आमच्या केळीच्या वाडीत राहतात, मी नवऱ्याबरोबर विरारला, फुलपाड्याला. बाबांचं वय शहात्तर. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या नळीत स्टेंट बसवलाय, तरी सकाळी केळींना पाणी सोडायला स्वतःच जातात. मित्र, म्हणजे आमचे काका, हायवेपलीकडच्या चांदीप गावचे, भातशेती करणारे. शाळेत दोघं एका बाकावर बसायचे. दरवर्षी कापणी उरकली की काका नव्या तांदळाची पिशवी घेऊन यायचे आणि फाटकातूनच ओरडायचे, "जिता हाय का रे?" जाताना बाबा त्यांच्याकडे केळीचा घड द्यायचे, आणि तो कसा धरायचा यावरून दोघांची हमखास वादावादी व्हायची.

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचं येणं थांबलं. फोनवर त्यांचे शब्द नीट कळत नसत. बाबा फोन कानाशी धरून नुसतं "हो, हो" म्हणत राहायचे आणि ठेवल्यावर मला विचारायचे, "कधी नेशील?"

शेवटी एका रविवारी निघालो. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मांडीवर पिशवीत वेलची केळी. गाडी वाडीतून सुटली तेव्हा पडद्यावर तेहतीस होते. विरारचा पूल ओलांडून फाट्याच्या पुढे हायवेला लागलो आणि अडकलो. काँक्रीटचं काम चालू होतं, पुढे-मागे ट्रक. अर्धा तास गाडी हातभरसुद्धा धड सरकली नाही. एसीत बसून मी पडद्याकडे बघत होते. अडतीस. एकेचाळीस. त्रेचाळीस. त्या आठवड्यात फोनवर उष्णतेच्या लाटेचे इशारे सारखे येत होते. चव्वेचाळीस झाले तेव्हा माझा धीर सुटला.

"बाबा, आपण परत जाऊ."

"का?"

"चव्वेचाळीस डिग्री आहे बाहेर. तिथे घरात पंख्याशिवाय काही नसेल. तुम्हाला काही झालं तर दवाखाना कुठे शोधू मी?"

बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग बाहेर. "एवढं काही नाही गं ऊन. रोजचंच आहे. काच खाली कर, बघ हाताला कसं लागतं."

"काच कशाला? समोर आकडा दिसतोय ना! तुमच्या हातापेक्षा गाडीला जास्त कळतं."

मी अगदी ह्याच शब्दांत बोलले. रांग जराशी सरकली तशी पुढच्या वळणावर मी गाडी फिरवली. बाबांनी काकांना फोन लावला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "आज नाही जमत. येतो पुढच्या खेपेला."

येताना रस्ता मोकळा होता. गाडी पळायला लागली तसा आकडा उतरत गेला. चाळीस, सदतीस. गिरीजच्या वळणावर चौतीस. बाबा तो बघत होते, हे मला दिसलं. मी रेडिओ लावला.

दहा-बारा दिवसांनी, पावसाळ्याआधी गाडी गॅरेजला टाकली तेव्हा मेकॅनिकला त्या आकड्याबद्दल सहज विचारलं. त्याने खाली वाकून पुढच्या बंपरच्या आत, जाळीमागे बोटाएवढं काहीतरी दाखवलं. "हा सेन्सर, मॅडम. ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की ह्याला रस्त्याची आणि इंजिनची गरमी लागते. पाच-सात डिग्री जास्त दाखवतो, कधी त्याहून पण वर. गाडी थोडी पळू द्यायची, हवा लागली की मग बघायचं."

मी त्याच संध्याकाळी गिरीजला जाऊन बाबांना म्हटलं, "ह्या रविवारी नक्की जाऊ." सेन्सरचं मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं चुकलं हेही म्हणावं लागलं असतं. त्या रविवारी ऑफिसचं ट्रेनिंग निघालं. पुढच्या रविवारचं ठरलं, आणि आधीच्या गुरुवारी सकाळी काका गेले. बाबांना फोन आला तेव्हा ते वाडीतच होते. मला त्यांनी दुपारी कळवलं, तोवर अंत्यविधी उरकला होता. "तुझं काम चालू असेल म्हणून लगेच केला नाही," म्हणाले.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही चांदीपला गेलो. अंगणाच्या कडेला मोठा आंबा, त्याच्याखाली खाट. काकींनी आम्हाला तिथेच बसवलं, पाणी आणलं. वाऱ्याने झाडाची पानं सारखी हलत होती.

"त्या रविवारी हितंच बसून होते," काकी बाबांना म्हणाल्या. "सकाळीच दाढी करून घेतली. आत चला म्हटलं तर ऐकनात. तुमचा फोन आला तरी हलले नाय. जेवन पन हितंच केलं."

"ऊन नव्हतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ऊन कसलं, मे म्हैन्यात असतं तेवढं. सावलीला वारा होता चांगला." मग त्या बाबांकडे वळल्या. "भाऊ, त्या दिवशी काय झालं होतं वो?"

मला खरं सांगायचं होतं. पहिला शब्द जुळवतच होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "वहिनी, मलाच बरं वाटत नव्हतं. छातीत जरा धडधडत होतं. ही म्हणत होती जाऊ, मीच परत फिरवलं."

काकींनी मान हलवली. "मग बरं केलंत. जिवाला जपा."

मी खाली मान घालून पाणी प्यायले. त्यानंतर तासभर तिथे होतो. तेवढ्या वेळात मला तोंड उघडता आलं असतं. काकींनी कोंबड्या दाखवल्या, विहिरीचं पाणी कसं खाली गेलंय ते सांगितलं, आणि मी हूं हूं करत राहिले.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तुम्ही असं का सांगितलंत, बाबा?"

"तिला खरं सांगून काय करायचं होतं? तुझ्यावर राग धरायला लावायचा?"

"पण चूक माझी होती. तो आकडाच खोटा होता, मला गॅरेजमध्ये कळलं."

"मला तर गाडीतच कळलं होतं," बाबा म्हणाले. "मी हट्ट धरायला हवा होता. उतरून रिक्षा केली असती तरी पोचलो असतो."

इतके दिवस मी माझीच चूक उराशी धरून बसले होते. बाबाही त्याच रविवारी अडकलेत, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

काकींना मी अजून खरं सांगितलेलं नाही. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी आधी बाबांच्या छातीची चौकशी केली, आणि मी म्हटलं, "आता बरे आहेत."