सासूबाईंच्या हाती दिलेली नऊवारी

माझी बायको धायरीतल्या आमच्या दोन खोल्यांत तयार नऊवारी शिवते. काष्टा आधीच शिवलेला, सलवारीसारखी पायात घालायची. परदेशातल्या मराठी बायकांना ती फार आवडते. त्यांच्या ऑर्डरींच्या भरवशावरच तिने कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडली. पैसे एका ऑनलाइन पेमेंट कंपनीमार्फत येतात, आणि ते खातं मी उघडून दिलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, त्यामुळे इंग्रजी मजकूर आला की तो माझ्याकडे. तालुक्याच्या शाळेतल्या सरांनी सुट्टीतसुद्धा घरी बसवून इंग्रजी शिकवलं, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. कंपनीच्या अटी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या होत्या. त्यात ‘विक्रेता संरक्षण’ असा एक भाग होता. लांबच्या कुणीतरी आपल्यासारख्यांचा विचार केला आहे, हे वाचून मला खरंच बरं वाटलं होतं.

मग एका बाईंची ऑर्डर आली. पैसे भरले आणि मेसेज केला, ‘कुरिअर नको. माझ्या सासूबाई पुण्याहून निघताहेत, त्यांच्याकडे द्या, बॅगेतून येईल.’ यात आम्हाला काहीच वावगं वाटलं नाही. पुण्यातून परदेशी जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत निम्मं सामान दुसऱ्यांचंच असतं. भाजणी, गोडा मसाला, कुणाचा चष्मा. आम्ही दोघं नारायण पेठेत त्यांच्या घरी गेलो आणि साडी सासूबाईंच्या हाती दिली. त्यांनी ती उलगडून पाहिली, बायकोच्या हाताचं कौतुक केलं. बाईंचे सासरे तिथेच पेपर वाचत बसले होते.

साडी पोहोचल्यावर बाईंचा मेसेज आला, काष्टा नीट बसत नाही, पैसे परत करा. बायको म्हणाली, तुम्हीच दिलेल्या मापाची आहे, तरी दुरुस्त करून देते. त्यावर उत्तर आलं नाही. आलं ते कंपनीचं पत्र. ग्राहकाची तक्रार होती, वस्तू मिळालीच नाही. ही आणि अशी आणखी एक तक्रार सिद्ध झाली तर खातं बंद होईल, असंही त्यात लिहिलं होतं. खातं गेलं तर परदेशातल्या ऑर्डरी जाणार आणि बायकोला पुन्हा कारखान्यात उभं राहावं लागणार.

मी मेसेजचे फोटो काढले, खाली इंग्रजी भाषांतर लिहिलं, सगळी हकीगत नीट मांडून पाठवली. उत्तर आलं, ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार. कृपया ट्रॅकिंग क्रमांक द्या.’ मी पुन्हा लिहिलं, ग्राहकानेच कुरिअर नको म्हटलं होतं. पुन्हा आभार, पुन्हा ट्रॅकिंग क्रमांक. त्या बाईंनी आमची साडी नेसून फोटो टाकला होता, तोही पाठवला. फोटो हा पोहोच झाल्याचा पुरावा धरला जात नाही, असं कंपनीने कळवलं.

सासूबाई अजून तिकडेच होत्या, म्हणून शेवटी आम्ही नारायण पेठेत बाईंच्या सासऱ्यांकडे गेलो. दार अर्धंच उघडलं.

“साडी दिलीत, मी कुठे नाही म्हणतोय?” ते म्हणाले.

“मग काका, तेवढंच दोन ओळींत लिहून द्याल का?”

“म्हणजे सुनेविरुद्ध साक्ष. छान. आणि उद्यापासून मुलाऐवजी आपण फोन करणार मला?”

“अहो काका, आमचं खातं बंद पडायची वेळ येईल,” बायको म्हणाली.

“कठीण आहे खरं. पण आपण व्यवसाय करता ना? मग पावती घ्यायची होती. आता चहाची वेळ नाही, नाहीतर विचारला असता.”

दार लागलं. जिना उतरताना बायको म्हणाली, “खोटं तरी बोलले नाहीत.” मला त्याचाच जास्त राग आला.

निकाल आमच्याविरुद्ध गेला. पैसे बाईंना परत मिळाले, साडीही त्यांच्याकडेच राहिली. विक्रेता संरक्षण फक्त नोंदवलेल्या पत्त्यावर ट्रॅकिंगने पाठवलेल्या वस्तूला लागू होतं. मी तो भाग पुन्हा काढून वाचला. तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. सासूबाई मधे येतील, एवढंच वाचताना मला सुचलं नव्हतं.

त्यानंतर एका मुलीची ऑर्डर होती, तिकडच्या गणपतीतल्या कार्यक्रमासाठी. एक दिवस तिच्या आई स्वारगेटहून बसने, पत्ता विचारत, रिकामी पिशवी घेऊन आमच्या दारात आल्या. दोन दिवसांनी त्या मुलीकडेच जायला निघणार होत्या.

“काकू, साडी आम्ही कुरिअरनेच पाठवणार,” मी म्हणालो.

“कशाला उगाच खर्च? मी चाललेच आहे की.”

“नियम आहे, काकू.”

“अहो, मी आई आहे तिची! माझ्या हातात द्यायलाही तुम्हाला पुरावा लागतो का?”

“आम्हाला नको आहे, त्यांना लागतो.”

“त्यांना म्हणजे कुणाला?”

एवढ्या पत्रव्यवहारात एकाही माणसाशी माझं बोलणं झालं नव्हतं. बायको मशीनवरून उठली नाही. सुईत दोरा घालत राहिली.

“बरं,” काकू म्हणाल्या, “निदान बघू तरी द्या.”

पार्सल चिकटपट्टी लावून तयार होतं. बायकोने कात्रीने ते उघडलं. काकूंनी काठावरून हात फिरवला आणि साडी स्वतःच घडी घालून परत दिली. आमच्या घरी पाणीही न घेता त्या गेल्या. संध्याकाळी कुरिअरवाला पार्सल घेऊन गेला, ट्रॅकिंग क्रमांक मी तीन ठिकाणी उतरवून ठेवला.

काकू वेळेवर पोहोचल्या. पार्सल तिकडच्या कस्टममध्ये अडकलं आणि गणपती विसर्जन होऊन गेल्यावर मिळालं. खात्यावर ‘पोहोचले, विक्रेता संरक्षित’ अशी नोंद दिसत होती. मुलीने साडी सुंदर आहे एवढंच लिहिलं, पैसे परत मागितले नाहीत. बायकोने पुढच्या वर्षीसाठी विचारलं, त्या मेसेजला मात्र तिचं उत्तर आलं नाही.